शुद्ध पाणी, स्वच्छ पाणी

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात दुष्काळाला सन असतो. १८७६-७८ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी हे सन पोरांकडून घोकून घेतले. पाऊस किती कमी पडला, पिके कोणती बुडाली, सरकारने कामे कोणती काढली, याची उत्तरे तपासून गुण दिले. पण आमच्या वस्तीतल्या पाण्याच्या तुटवड्याला कोणताच सन नव्हता. पाऊस धो धो पडला, बारव काठोकाठ भरली, तरी आमचा रांजण पालथाच असे. हा दुष्काळ कोणत्या पर्जन्यमापकाने मोजायचा? ज्यांनी गॅझेटिअर लिहिले त्यांना हा प्रश्न पडला नाही, आणि ज्यांना पडला असता त्यांच्या हाती लेखणी नव्हती. म्हणून त्याबद्दल थोडे लिहितो.

आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. काळा पाषाण, वर हात-दोन हात माती. पाऊस पडतो आणि उतारावरून निघून जातो. माझ्या लहानपणी पावसाळ्यात एस्टी गावापासून दोन कोस अलीकडेच थांबे. गावात पाण्याच्या तीन जागा होत्या. वेशीजवळ चिरेबंदी बारव, तिच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. मधल्या आळीत पाटलाचा आड, त्याला रहाट. आणि गावाच्या खालच्या अंगाला नदीच्या पात्रातला झिरा. गावाच्या खालच्या अंगाला म्हणजेच महारवाड्याच्या अंगाला. आमची वस्ती जिथे होती तिथे ती सहज नव्हती वसली. आमच्यावरून गेलेला वारा गावात येऊ नये, आमच्याकडून वाहिलेले पाणी गावाला मिळू नये, एवढा भूगोल गाव वसवणाऱ्यांना पक्का कळत होता.

झिरा म्हणजे काय हे आज शहरातल्या आपल्या विद्यार्थी मित्रांना सांगावे लागेल. नदी आटली की वाळू उकरायची. हात-दीड हातावर ओल लागते, खड्ड्यात पाणी हळूहळू साचते. बाईने खड्ड्यात वाकायचे आणि वाटीने, करवंटीने ते घागरीत भरायचे. वाटी घाईने बुडवली तर गढूळ वर येते, मग पुन्हा निवळेपर्यंत थांबायचे. चैत्रात एका घागरीला अर्धा तास लागे. रात्री झिरा जरा भरून येतो, म्हणून आई मध्यरात्री उठून जाई. चुंबळ, घागर, वाटी आणि कंदील. आमच्या वाड्यातल्या बायांची झोप किती वर्षे अशी झिऱ्याने खाल्ली याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आजीच्या तरुणपणी हा झिरा नव्हता असे नाही, पण पिण्याचे पाणी बारवेवरून मिळे. मिळे म्हणजे वाढले जाई. बारवेच्या तोंडापासून दहा-बारा पावलांवर एक सपाट शिळा होती. त्या शिळेवर घागर ठेवायची आणि बाजूला सरून उभे राहायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना विनवायचे, “पानी वाढा वो माय!” कोणाला दया आली तर ती वरून घागरीत पाणी ओती, आपल्या हंड्याचा काठ आमच्या घागरीला लागणार नाही इतक्या उंचीवरून. अर्धे पाणी शिळेवर सांडे. कोणाला दया आली नाही, तर सकाळची दुपार होई. आजी सांगे, की या उभे राहण्यात तिला तहानेपेक्षा लाज जास्त लागे, कारण सासरी आलेल्या नव्या नवरीलाही पहिल्या दिवशी तिथेच नेऊन उभे करीत आणि सगळे गाव तिला तिथे पाही.

शुद्ध आणि स्वच्छ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, ही मोठी चूक आहे. पाणी स्वच्छ आहे की नाही हे पाण्यात पाहून ठरते. शुद्ध आहे की नाही हे ठरवायला आपल्या समाजाने पाण्यात कधी पाहिलेच नाही. त्याने पाहिले ते पाणी काढणाऱ्याच्या हाताकडे. याचा सर्वांत उघडा पुरावा महाडला मिळतो. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि परिषदेला आलेल्या हजारो माणसांनी त्या तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा कागदातला आणि गावातला फरक सगळ्यांना दिसला. परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. त्यानंतर तळे शुद्ध करण्यात आले. कसे? तळ्यातले पाणी १०८ घागरींत भरून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून ते पुन्हा तळ्यात ओतण्यात आले. आरोग्य खात्यातला कोणी माणूस तिथे असता तर त्याने काय म्हटले असते? पण त्या दिवशी महाडच्या सवर्णांनी हे पाणी आता पिण्यालायक झाले असे मानले. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत, परधर्मीय पाणी भरत, त्याने ते कधी विटाळले नव्हते.

पुढचा भाग आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे, तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नगरपालिकेने आपला ठराव ऑगस्ट १९२७ मध्ये रद्द केला, डिसेंबरमध्ये तळ्याबाबत दिवाणी दावा दाखल झाला, मनाई हुकूम आला, आणि सत्याग्रहासाठी पुन्हा जमलेल्या परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. दावा मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ रोजी निकाली निघाला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे. आणि निकाल कशावर लागला? अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, यावर. आपण जिंकलो, आनंदच आहे. पण वहिवाट पुरेशी जुनी ठरली असती तर? माणसाला तहान लागते हा मुद्दा त्या खटल्यात निर्णायक नव्हता. तो मुद्दा कायद्यात यायला राज्यघटना लागली. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांचा नावाने उल्लेख आहे. जगातल्या किती देशांना आपल्या घटनेत विहीर हा शब्द लिहावा लागला असेल?

आणि आम्ही तर मुंबई इलाख्यातही नव्हतो. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. बोल्यांचा ठराव आमच्या शिवेपाशी येऊन थांबला. १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. प्रवासाची धूळ होती, म्हणून दरवाजाजवळच्या हौदातल्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले. ढेडांनी हौद बाटवला म्हणून ओरड झाली, जमाव जमला. हा जमाव मुसलमानांचा होता. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती आत कुठल्याही पाण्याला हात लावणार नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेला, गोलमेज परिषद गाजवून आलेला माणूस! त्यांनीच हे लिहून ठेवले आहे म्हणून आपल्याला कळते. आमच्या आजीने महाडचे नाव पहिल्यांदा ऐकले ते १९५६ नंतर, नागपूरहून दीक्षा घेऊन आलेल्या माणसांच्या तोंडून.

दीक्षा घेतल्यावर आमच्या वाड्याने मेलेली ढोरे ओढणे सोडले. गावाने उत्तर म्हणून पाणी वाढणे सोडले. दोन्ही निर्णय एकाच आठवड्यातले, असे वडील सांगत. शिळा ओस पडली आणि झिरा हाच आमचा पाणवठा झाला. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणून मी शिळेवर कधी उभा राहिलो नाही, पण झिऱ्याचे गढूळ पाणी पिऊन वाढलो. ही अदलाबदल वाड्याने डोळे उघडे ठेवून केली होती, आणि तिचा पश्चात्ताप करताना मी कोणाला पाहिले नाही. आईलाही नाही, जिची झोप त्यात गेली.

आता शुद्ध बारवेची गोष्ट. माझ्या लहानपणी गावात नारू होता. पायाच्या नडगीवर फोड येई, फुटे, आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोके काढी. तो ओढला तर तुटतो आणि पाय सुजतो, म्हणून काडीला गुंडाळून रोज बोट-अर्धे बोट बाहेर काढायचा. माणूस ऐन पेरणीत खाटेवर. हा रोग पायऱ्यांच्या विहिरीचा. नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो, किड्याची पिल्ले पाण्यात सुटतात, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांच्या पोटात जातात, ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने किडा तयार. आमच्या बारवेत पाय घालण्याचा अधिकार फक्त सवर्णांना होता. म्हणजे त्या पाण्यात नारू आला तो सोवळ्या पायांनी आला. पाटलाचा मुलगा, देवळातला गुरव, वाणी, सगळे काडी गुंडाळीत बसलेले मी पाहिले आहेत. आमच्या वाड्यातही नारू होता. शेतावर राबताना आमच्या ओंजळीत वाढले जाई ते पाणी त्याच बारवेचे. त्यांचे शुद्ध पाणी आम्हांला उंचावरून मिळाले, पण त्यातला किडा मात्र उंच-नीच न पाळता आला. मोठ्या वस्त्राने पाणी गाळणे आणि पायऱ्या बुजवून विहिरीला कठडा बांधणे, एवढ्याने हा रोग हटतो. १९८० च्या दशकात राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला, आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

१९७२ आले. त्या वर्षी झिराही आटला. आम्ही सगळे पाझर तलावाच्या कामावर आणि खडी फोडायला. सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्याच दुष्काळात गावात ट्रकवर बसवलेले छिद्र पाडणारे यंत्र आले आणि काळ्या पाषाणात बोअर पाडून हापसा बसला. हापशाचा इतिहास आपल्या मातीतला आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. आधीचे ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबापुरते बनवलेले असत. आख्ख्या वस्तीने हापसायला घेतले की महिना-दोन महिन्यांत मोडत. जालन्यात आणि सोलापुरात मिशनच्या माणसांनी पोलादाचा, एकाच सांध्यावर फिरणारा दांडा असलेला पंप बनवला, आणि त्याच धर्तीवर पुढे सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ तयार होऊन देशभर आणि देशाबाहेर गेला. या यंत्राने एक गोष्ट केली जी कायद्याला जमली नव्हती. त्यात पोहरा नाही, दोरी नाही, पाण्यात उतरणे नाही. पाणी जमिनीच्या पोटात बंद. विटाळायचे तर काय विटाळायचे?

पण माणसाची बुद्धी अशा बाबतीत फार चपळ असते. गावासाठी एक बोअर वेशीच्या आत पडला, एक आमच्या वाड्यात. १९७३ च्या मे महिन्यात गावातला कोरडा झाला. आमचा चालू होता. पहिल्या दिवशी वरच्या आळीच्या तीन बाया हंडे घेऊन वाड्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या हे शब्द मी मुद्दाम लिहितो. वाड्यात त्या रात्री बैठक झाली. तरुण पोरे म्हणाली, आजी जशी शिळेवर उभी राहिली तशा उभ्या राहू द्या, आपण वरून वाढू. आजी म्हणाली, “म्या हुबी ऱ्हायले ते काय लई चांगलं व्हतं? ते तुमाला शिकायचंय व्हय?” ठरले ते असे, की ज्याची घागर आधी त्याचे पाणी आधी, आणि ज्याचे त्याने हापसायचे. गावाने मान्य केले. पहिले दोन दिवस त्या बाया दांडा राखेने घासून मग हात लावीत. नंतर तेही राहिले. लोखंडाला विटाळ नसतो असे गावच्या भटजींनी सांगितल्याचे कळले. हे त्यांना कोणत्या ग्रंथात सापडले देव जाणे! पाऊस पडेपर्यंत दोन महिने एक रांग होती.

या रांगेचे वर्णन मी अनेक सभांतून केले आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. त्यातली एक गोष्ट मात्र सांगत नसे. आमच्या वाड्याच्या पलीकडे मांगवाडा होता, नऊ घरे. त्यांच्या बायाही हापशावर येत. त्या रांगेत नसत. त्या चिंचेच्या झाडाखाली थांबत, घागरी एका बाजूला मांडून. रांग संपली की आमच्यापैकी कोणीतरी हापसून त्यांना पाणी वाढी. मी पंधरा वर्षांचा होतो, अंगात जोर होता, म्हणून हे काम पुष्कळदा माझ्याकडे येई. मी कळशी भरून नेई आणि त्यांच्या घागरीत ओती. एकदा आमच्यातलीच एक बाई लांबून ओरडली, “आरं, जरा वरून वत!” आणि मी कळशी वर केली. कोणाला हे वेगळे वाटले नाही. आजीलाही नाही, जिने आदल्याच महिन्यात बैठकीत ते शब्द उच्चारले होते. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ते मी पुढे महाविद्यालयात वाचले. वाचताना मला ती कळशी आठवायला हवी होती. नाही आठवली. ती आठवली फार उशिरा, वर्गातल्या एका मातंग विद्यार्थ्याने मला विचारले तेव्हा: “सर, तुमच्या गावात आमच्या लोकांना हापसा होता का?”

त्याच सुमारास बाबा आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम गावोगाव फिरत होती. आमच्या पिढीतल्या विद्यार्थ्यांनी तिची बरीच टिंगल केली. मीही त्यात होतो. आम्हांला जमीन हवी, सत्ता हवी, सवर्णांच्या आडाचे पाणी नको, असे आम्ही आवेशाने म्हणत असू. त्या म्हणण्यात तथ्य होते, आजही आहे. पाणवठा एक झाला म्हणून शेत एक होत नाही. पण मोहिमेने विचारलेला साधा प्रश्न, गावात पाणवठे किती आणि कोणाचे, हा आम्ही आमच्या वाड्यापुरता विचारला असता तर उत्तर देताना आमची जीभ अडखळली असती. आम्ही तो प्रश्न सुधारणावादी म्हणून मोडीत काढला, यात सोय आमचीही होती.

१९७८. जुलैच्या शेवटी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, माणसे मेली. आमच्या गावात घरे जळाली नाहीत. एका सकाळी हापशाचा दांडा नाहीसा झालेला होता. दांड्याखेरीज हापसा म्हणजे जमिनीत रोवलेला खांब. तक्रार दिली, दुरुस्तीवाला येऊ धजेना. तीन आठवडे वाडा पुन्हा झिऱ्यावर गेला, आणि ते दिवस पावसाळ्याचे. उन्हाळ्यात वाळू पाणी गाळते, पावसाळ्यात नदी वरच्या गावांची सगळी घाण घेऊन येते. तुरटी फिरवली, निवळीच्या बिया घासल्या. पाणी वरून निवळे, आतून नाही. हगवणीची साथ आली. दोन लेकरे गेली, एक आमच्या वाड्यातले, एक मांगवाड्यातले. नामांतराच्या दंगलीत मेलेल्यांच्या कोणत्याही यादीत ती नाहीत. कारण त्यांना कोणी मारले नाही.

आता हापसे गंजले. बोअर खोल गेले, आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे खोलवरच्या पाण्यातले फ्लोराइड दातांवर आणि हाडांवर दिसू लागले. टँकर आले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी नेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ती बातमी महिनाभर चालवली. त्याच वर्षी वाशीम जिल्ह्यातल्या कळंबेश्वरला एका दलित मजुराच्या बायकोला विहिरीवर पाणी नाकारले गेले, आणि त्याने एकट्याने चाळीस दिवस खोदून स्वतःची विहीर पाडली. तिला पाणी लागले. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक कष्टाळू नवरा म्हणून केले. नाकारणारे कोण, हे दोन ओळींत संपले. २०१९ पासून जलजीवन मिशन आहे, माणशी रोज ५५ लिटर नळाने देण्याचे. आमच्या गावात टाकी बांधली आहे, वरच्या अंगाला. नळ सगळ्यांच्या दारी आहेत, मांगवाड्यातही. पाणी एका वेळी तासभर सुटते आणि नळाची ओळ जिथे संपते तिथे आमचे आणि त्यांचे घर आहे. वरच्या आळीत मोटारी लागल्या की खाली नळ फक्त फुसफुसतो. यात कोणी कोणाला शिवू नको म्हणत नाही. चावी फिरवणाऱ्या पोराला विचारले तर तो म्हणतो, “काका, उतार नाही पुरत.” गाव वसले तेव्हा उतार आमच्याकडेच होता, हे त्याला कोण सांगणार?

गेल्या महाशिवरात्रीला गावच्या पोरांनी बारव साफ केली. अलीकडे राज्यात ठिकठिकाणी तरुण हे काम करतात, गाळ उपसतात, झाडोरा काढतात, पायऱ्यांवर पणत्या लावतात. चांगले काम आहे. मलाही बोलावले होते, निवृत्त शिक्षक म्हणून, बारवेचा इतिहास सांगायला. मी पहिल्यांदाच त्या पायऱ्या उतरलो. पाणी नव्हते, तळाशी ओला गाळ होता. बारव कोणत्या काळातली, चिरे कुठून आले, एवढे मी सांगितले. मग वर येऊन दहा-बारा पावले मोजली. शिळा दिसेना. विचारपूस केली तेव्हा एका म्हाताऱ्याने सांगितले, की पाण्याच्या टाकीच्या पायात मोठे दगड हवे होते, तेव्हा ती उचलून नेली.